मांजर जुन्या इन्व्हर्टरवरच का झोपतं?

चवथीला गोव्यात डिचोलीला मावशीकडे गेलो, तेव्हा घरात दोन इन्व्हर्टर होते. एक जुना, मागच्या खोलीत बॅटरीच्या शेजारी बसून रात्रंदिवस गुणगुणणारा. दुसरा नवा, छपरावरच्या सोलरचा, पडवीच्या भिंतीवर टांगलेला. जुन्यावर मांजर झोपलं होतं. पावसाळाभर ते तिथेच असतं, हाकललं तरी परत येतं, असं मावशी म्हणाली.

तिची तक्रार मात्र नव्याबद्दल होती. "तीन किलोवॉटचा म्हणून सांगितलंय, आणि बसवणाऱ्या पोराने एका हाताने उचलला रे! जुना याच्या निम्म्या ताकदीचा, पंधराशेचा, तो फळीवर चढवायला दोन माणसं लागली होती. आणि हा बोलतसुद्धा नाही. आत काही आहे की नुसता डबा?"

२०२४ मध्ये प्रधानमंत्री सूर्यघर योजना आली, तीन किलोवॉटच्या सोलरला ७८ हजारांपर्यंत अनुदान मिळू लागलं, आणि मावशीचा हा प्रश्न बऱ्याच पडव्यांवर ऐकू यायला लागला. मिक्सर, पंखा, शिलाई मशीन घेताना आपण हातात तोलून बघत आलो, जड ते टिकाऊ. इन्व्हर्टरला हा हिशेब लागू पडत नाही. का पडत नाही, ते कळायला आतली एकच वस्तू नीट समजून घ्यावी लागते. ती म्हणजे चुंबकी गाभा. दुकानात त्याला कोअर म्हणतात.

गाभा हवाच कशाला?

एका प्रकारची वीज घेऊन दुसऱ्या प्रकारची देणारं यंत्र म्हणजे कन्व्हर्टर. फोनचा चार्जर, टीव्हीच्या आतला पुरवठा, घरचा इन्व्हर्टर, सोलरचा डबा, ई-स्कूटरचा चार्जर, सगळे याच कुळातले.

१८३१ साली मायकेल फॅरडेने लोखंडाच्या एका कड्यावर तारेची दोन वेटोळी गुंडाळली. एका वेटोळ्याला बॅटरी जोडली की दुसऱ्याला जोडलेली सुई हलायची. पण बॅटरी जोडताना आणि काढताना, तेवढ्यापुरतीच. मधल्या वेळात सुई गप्प. म्हणजे दुसऱ्या तारेत वीज उमटते ती चुंबकत्व असल्यामुळे नाही, चुंबकत्व बदलल्यामुळे. या लेखातलं एवढं एकच वाक्य लक्षात ठेवलंत तरी पुढचं सगळं आपोआप लागेल.

त्या कड्याचं काम काय? कुळागरात, म्हणजे नारळ-पोफळीच्या बागेत, पाणी पाटाने नेतात, नाहीतर ते वाटेल तिकडे पसरतं. तारेतल्या प्रवाहाने तयार झालेलं चुंबकत्वही हवेत असंच पसरतं. लोखंडाचा गाभा हा त्याचा पाट. एका वेटोळ्याकडून निघालेलं चुंबकत्व तो जवळपास सगळंच्या सगळं दुसऱ्यापर्यंत पोचवतो. आणि पाटाला जशी मर्यादा असते तशी गाभ्यालाही असते. तो तुडुंब भरला की प्रवाह कितीही वाढवा, चुंबकत्व फारसं वाढत नाही. तार मात्र भसाभस वीज ओढून तापते. या तुडुंब अवस्थेला संपृक्तता म्हणतात. डिझाइन करणाऱ्याची अर्धी काळजी हीच असते.

जड का, हलका का?

विहिरीचं ५०० लिटर पाणी टाकीत भरायचं आहे. दहा लिटरची घागर घेतली तर ५० खेपा होतात. पाच मिलिलिटरचा चमचा घेतला तर एक लाख खेपा. पाणी तितकंच, फक्त चमच्याला पाय भलतेच भराभर उचलावे लागतील.

गाभ्याचं अगदी हेच आहे. आपल्या घरची वीज सेकंदाला ५० फेऱ्या मारते. त्या चालीने काम करायचं तर गाभ्याला प्रत्येक फेरीत भरपूर चुंबकत्व वाहून न्यावं लागतं, म्हणून तो घागरीसारखा मोठा असतो. आकडेच घ्या. २० चौरस सेंटिमीटर छेदाचा लोखंडी गाभा ५० फेऱ्यांवर चालवला, तर तारेच्या एका वेढ्यामागे साधारण अर्धा व्होल्ट मिळतो. २३० व्होल्टसाठी चारशेच्या वर वेढे झाले. जुन्या इन्व्हर्टरमधलं दोन माणसांचं वजन ते हेच, लोखंड आणि तांबं.

आता सेकंदाला एक लाख फेऱ्या मारा. गाभा फक्त एक चौरस सेंटिमीटरचा घ्या आणि तोही आधीच्या दहाव्या हिश्श्याइतकाच भरा. तरी एका वेढ्यामागे पाचेक व्होल्ट मिळतात, आणि पन्नासेक वेढ्यांत काम भागतं. फोनच्या चार्जरमधला पिवळ्या पट्टीत गुंडाळलेला चौकोनी तुकडा याच चालीवर चालतो. सोलर इन्व्हर्टरची चाल त्याहून कमी, पण तीही हजारांतली. शिवाय छपरावरची पॅनल एकापुढे एक जोडून व्होल्टेज आधीच चढवलेलं असतं, त्यामुळे घरगुती सोलर इन्व्हर्टरमध्ये एका वेटोळ्याकडून दुसऱ्याकडे वीज नेणारा ट्रान्सफॉर्मर बहुधा नसतोच, फक्त चोक असतात. चोक म्हणजे गाभ्यावर गुंडाळलेलं एकच वेटोळं, विजेचे हेलकावे शमवणारं.

तो बोलत का नाही, तेही यातच आलं. लोखंड चुंबकित होताना केसभर ताणलं जातं आणि परत आकसतं. ५० फेऱ्यांच्या विजेत हे सेकंदाला १०० वेळा होतं, आणि तीच जुन्याची गुणगुण. नव्यातली थरथर माणसाला ऐकू येण्याच्या टोकाशी किंवा त्याच्याही पलीकडे असते.

मग लोखंडच ठेवून चाल वाढवायची ना?

हा प्रश्न मावशीच्या नातवाचा, आणि चांगला आहे. उत्तर असं की लोखंड दोन वाटांनी वीज खातं आणि चाल वाढली की त्याची भूक वेड्यासारखी वाढते.

पहिली वाट समजायला श्रावणातलं लाकडी दार आठवा. फुगलेलं दार उघडायला एक रेटा, लावायला आणखी एक. प्रत्येक उघडझापीला अंगातली थोडी शक्ती जाते आणि दाराच्या घासण्यात तिची ऊब होते. गाभ्यातले सूक्ष्म चुंबकी प्रदेश एका बाजूला वळवून परत उलटे फिरवायचे, तर तसाच रेटा द्यावा लागतो. सेकंदाला ५० उघडझापींना जे चालून गेलं, ते लाखाला चालत नाही. याला हिस्टेरिसिस म्हणतात. नाव विसरा, दार लक्षात ठेवा.

दुसरी वाट भोवऱ्यांची. लोखंडातून वीजही वाहते. त्यामुळे बदलतं चुंबकत्व शेजारच्या तारेत जशी वीज उमटवतं तशी खुद्द गाभ्याच्या अंगातही उमटवतं. हे प्रवाह आतल्या आत भोवऱ्यासारखे फिरतात, कुणाच्याही कामाला येत नाहीत, नुसते तापवतात. उपाय आपल्या खाजन शेतीसारखाच, म्हणजे खाडीकाठच्या बांधांच्या शेतीसारखाच आहे. मोकळ्या पाण्यात मोठा भोवरा पडतो, पण बांध घालून लहान लहान चौक केले की भोवऱ्याला फिरायला जागा उरत नाही. म्हणून गाभा सलग ठोकळ्याचा न करता पातळ पत्र्यांचा रचतात आणि प्रत्येक पत्र्यावर वीजरोधी थर देतात. पत्रा निम्म्या जाडीचा केला की भोवऱ्यांचं नुकसान चौथाईवर येतं.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ब्रिटिश धातुशास्त्रज्ञ रॉबर्ट हॅडफिल्ड यांच्या संशोधनातून आणखी एक युक्ती हाती आली. पोलादात तीनेक टक्के सिलिकॉन घातलं की त्यातून वीज कमी वाहते आणि दारही हलकं होतं. १९३० च्या दशकात नॉर्मन गॉस यांनी पोलादाचे कण एका दिशेला वळवून पत्रे लाटायची रीत काढली. रस्त्यावरच्या ट्रान्सफॉर्मरमध्ये आजही तसलेच पत्रे असतात.

म्हापशात एका वाइंडिंगवाल्याकडे मी हे पत्रे पहिल्यांदा सुटे पाहिले. तो त्यांना स्टॅम्पिंग म्हणतो. इंग्रजी ई आणि आय या अक्षरांच्या आकाराचे, पोस्टकार्डाहून थोडे जाड पत्रे. गंमत त्यांच्या कापण्यात आहे. दोन ई समोरासमोर ठेवून कापले की त्यांच्या खाचांतून जे दोन तुकडे निघतात तेच दोन आय. शंकरपाळ्या कापताना कसं काही वाया जात नाही, तसं. त्याने बॉबिनमध्ये, म्हणजे तार गुंडाळलेल्या पोकळ रिळात, एक ई इकडून, एक तिकडून असे पत्रे सरकवले आणि शेवटचे दोन लाकडी हातोडीने अलगद ठोकले. "जोरात मारलं तर पत्र्याचा स्वभाव बिघडतो," तो म्हणाला. अगदी खरं बोलला. वाकलेल्या, ठोकलेल्या पत्र्याचं हिस्टेरिसिस, म्हणजे त्या दाराचा रेटा, वाढतं. पत्र्याच्या कडेला कापताना कूस राहिली, किंवा आपल्या खाऱ्या हवेने वार्निश गेलं आणि गंज चढला, की शेजारशेजारचे पत्रे एकमेकांना चिकटतात, बांध फुटतो आणि भोवरे परत मोठे होतात. जुना इन्व्हर्टर दरवर्षी थोडा जास्त का गुणगुणतो, त्याचं एक कारण हे सैल, गंजलेले पत्रे.

पण पत्रा पातळ करून करून किती करणार? लाखभर फेऱ्यांना पोलादाचा पत्रा पुरत नाही. तिथे वस्तूच बदलावी लागते.

भट्टीत भाजलेला गाभा

१९३० मध्ये टोकियोत योगोरो काटो आणि ताकेशी ताकेई यांनी फेराइट शोधून काढलं. ते धातू नाही. लोह, मँगनीज आणि जस्त यांच्या ऑक्साइडची भुकटी दाबून तेराशे अंशांच्या आसपास भाजलेली ती मातीची वस्तू आहे, डिचोलीच्या कुंभाराच्या मडक्याची दूरची चुलत बहीण म्हणा. पडली तर कपासारखी फुटते. (गोव्याच्या तांबड्या डोंगरांतून लोहखनिज निघालं आणि एकेकाळी मँगनीजही, त्यामुळे हे आपलंच असं म्हणायचा मोह होतो. पण फेराइटला लागणारं लोहऑक्साइड बरंचसं पोलाद कारखान्यांत पत्रे धुतलेल्या आम्लातून मिळवतात.)

फेराइटची जादू एकच. त्यातून वीज वाहायला सिलिकॉन पोलादापेक्षा दहा लाख पटींहून जास्त अडथळा असतो. कणाकणाला बांध घातल्यासारखं. भोवरे जवळजवळ उठतच नाहीत. बदल्यात एक गोष्ट सोडावी लागते. पोलाद साधारण दोन टेस्लापर्यंत भरतं (टेस्ला म्हणजे चुंबकत्वाच्या दाटीचं माप), फेराइट ०.४ ते ०.५ लाच तुडुंब होतं. पाट अरुंद, पण पाणी न गळणारा.

या दोघांच्या मधली मंडळीही आहेत. वितळलेला धातू सेकंदाला लाखो अंशांच्या वेगाने गोठवून काढलेली, २५ मायक्रॉन (मिलिमीटरचा चाळिसावा हिस्सा) जाडीची अस्फटिकी फीत, अणूंना रांगेत बसायला वेळच न मिळालेली. १९८८ मध्ये जपानमधून आलेली नॅनोस्फटिकी, म्हणजे अतिसूक्ष्म स्फटिकांची फीत. शिवाय धातूची भुकटी वीजरोधी थरात घोळून दाबलेली कडी, रव्याच्या लाडवासारखी. प्रत्येक कणाभोवती तुपाचा हात. सोलर इन्व्हर्टरच्या चोकमध्ये या लाडवांना मोठी मागणी आहे.

मुद्दाम फट का ठेवतात?

चोक उघडला तर गाभ्याच्या दोन तुकड्यांमध्ये कधी कधी बारीक फट दिसते. अनेकांना तो घाईचा नमुना वाटतो. वाइंडिंगवाल्याकडे एकाने ती फट चिकटपट्टीने बुजवून मागितली होती म्हणे.

चोकला ऊर्जा क्षणभर साठवून पुढे सोडायची असते. लोखंडी सळई दाबा, तिच्यात काहीच साठत नाही. तिच्या मध्ये बॉलपेनची छोटी स्प्रिंग बसवा, सगळा दाब स्प्रिंगमध्ये साठतो. गाभ्यातली फट ही ती स्प्रिंग. चोकमधली बहुतेक ऊर्जा लोखंडात नसतेच, त्या मिलिमीटरभर हवेत असते. शिवाय फटीमुळे गाभा चटकन तुडुंब होत नाही. मात्र फटीपाशी चुंबकत्व बाहेर फुगून येतं आणि जवळची तांब्याची तार तापवतं. भुकटीच्या लाडवात हीच फट कणाकणांत वाटलेली असते, म्हणून एका जागी फुगवटा नाही.

डिझाइन म्हणजे कुठली तडजोड?

१८९२ मध्ये विद्युत अभियंते चार्ल्स स्टाइनमेट्झ यांनी मोजून मांडलं की लोखंडातलं हिस्टेरिसिसचं नुकसान चुंबकत्वाच्या दाटीच्या १.६ व्या घाताने वाढतं. म्हणजे दाटी दुप्पट केली की नुकसान तिप्पट. फेराइटमध्ये हा घात अडीचच्या आसपास असतो, तिथे दुप्पट दाटीला साडेपाच पट.

मग दाटी कमी ठेवावी? ठेवा, पण तेवढंच व्होल्टेज मिळवायला वेढे वाढवावे लागतील, लांब तार लागेल आणि तांबं तापेल. गाभा वाचवला की तांब्याला भुर्दंड, तांबं वाचवलं की गाभ्याला. दोन्ही नुकसानं साधारण बरोबरीला येतात तिथे बेरीज सर्वांत कमी होते, आणि डिझाइन करणारा तो बिंदू शोधत असतो.

पण दोन्ही भुर्दंडांचा स्वभाव वेगळा आहे, आणि माझ्या मते खरेदी करणाऱ्याने समजून घ्यावं ते हेच. तांब्याचं नुकसान वापराप्रमाणे असतं, दिवे बंद तर तेही जवळपास बंद. गाभ्याचं नुकसान घरभाड्यासारखं. तुम्ही घरी असा, नसा, द्यावंच लागतं. वीज जोडलेली आहे तोवर दार उघडझाप करतंच राहतं. रस्त्याकडेच्या ट्रान्सफॉर्मरचा गाभा फक्त १०० वॉट खातो असं धरा, वर्षाचे तास ८,७६०, म्हणजे ८७६ युनिट, एकही बल्ब न पेटवता. अस्फटिकी फितीचा गाभा घातला तर हे नुकसान साधारण दोन तृतीयांशाने उतरतं. फीत महाग, ठिसूळ, आणि १.५६ टेस्लालाच भरते म्हणून ट्रान्सफॉर्मर थोडा मोठा होतो. रात्री जवळजवळ रिकामा असणाऱ्या गावच्या ट्रान्सफॉर्मरला तो पैसा वसूल होतो, दिवसभर पूर्ण भाराने चालणाऱ्या कारखान्याला कदाचित नाही.

दोन टक्क्यांसाठी एवढा आटापिटा?

चांगल्या सोलर इन्व्हर्टरची कार्यक्षमता ९७-९८ टक्के असते. कुणी म्हणेल, ९६ असली तर काय बिघडलं? उलट्या बाजूने बघा. ९८ म्हणजे दोन टक्क्यांची उष्णता, ९६ म्हणजे चार टक्क्यांची. डब्यात उष्णता दुप्पट झाली. तीन किलोवॉटला ६० वॉटऐवजी सव्वाशे वॉट. तेवढ्याला मोठे पंखे, उष्णता बाहेर टाकणारे मोठे अॅल्युमिनियमचे पंख, आणि शेजारचे कपॅसिटर (वीज साठवणारे भाग) लवकर म्हातारे. विजेचं म्हणाल, तर दिवसाला १२ युनिट धरले की दोन टक्के म्हणजे वर्षाला सत्त्याऐंशी-अठ्ठ्याऐंशी युनिट.

उष्णतेत फेराइटची एक तऱ्हा आहे. या कामासाठी बनवलेली बहुतेक फेराइटं ९०-१०० अंशांना सर्वांत कमी वीज खातात. चार्जर हाताला कोमट लागला म्हणजे तो बिघडलाय असं नाही. त्यापलीकडे मात्र उलटं चक्र सुरू होतं, ताप वाढला की नुकसान वाढतं, नुकसान वाढलं की ताप. म्हणून इन्व्हर्टर पश्चिमेच्या उन्हात किंवा बंद कपाटात लावू नये. मावशीचा पडवीत आहे, वारा लागतो, बरं आहे.

मग चाल वाढवतच का नेत नाहीत?

नेतायत. या फेऱ्या मारतात ते वीज भराभर चालू-बंद करणारे स्विच, आणि आताच्या गॅलियम नायट्राइडच्या स्विचेसना लाखो फेऱ्या जड नाहीत. २०१४ मध्ये गूगलने दहा लाख डॉलरची पैज लावली होती, दोन किलोवॉटचा इन्व्हर्टर सुमारे ६५५ घनसेंटिमीटरच्या आत बसवून दाखवा. २०१६ मध्ये जिंकलेल्या बेल्जियमच्या चमूने तो जवळपास २२५ घनसेंटिमीटरमध्ये बसवला, म्हणजे मोठ्या कपभर चहाएवढ्या जागेत.

अडतं ते गाभ्यापाशी आणि तारेपाशी. लाख फेऱ्यांना वीज तांब्याच्या फक्त वरच्या ०.२ मिलिमीटर सालीतून वाहते, आतलं तांबं फुकट. मग केसासारख्या तारांची वेणी घालावी लागते. आणि स्टाइनमेट्झचं सूत्र गुळगुळीत लाटांसाठी होतं. आताचे कन्व्हर्टर चौकोनी, तुटक लाटा पाठवतात, तिथे तो अंदाज चुकतो. गाभ्याच्या नुकसानाचं पूर्ण, सगळीकडे चालणारं सूत्र आजही नाही. प्रिन्स्टन विद्यापीठाच्या पुढाकाराने गाभ्यांची मोजमापं संगणकाला शिकवून अंदाज बांधायची स्पर्धा झाली, तीसुद्धा २०२३ मध्ये. स्विच पुढे पळाला, गाभा दम खात मागून येतोय.

जुना भंगारात घालू?

नको. छपरावरचा ग्रिडला (खांबांवरून येणाऱ्या विजेच्या जाळ्याला) जोडलेला साधा सोलर इन्व्हर्टर वीज गेली की स्वतःही बंद पडतो. खांबावर काम करणाऱ्या लाइनमनला उलटा झटका बसू नये म्हणून तसं करणं भागच आहे. मावशीला हे कुणी सांगितलंच नव्हतं. पावसात, आरती चालू असताना दिवे गेले तर कामाला येणार तो जुनाच. आतलं बघायला दोन्हींपैकी एकही उघडू नका, बंद केल्यावरही कपॅसिटरमध्ये जीवघेणी वीज काही काळ राहते.

बॅटरी भरलेली, घरात वीज आहे, तरी जुन्याचा जड गाभा ग्रिडला जोडलेलाच असतो. त्याचं नुकसान आणि बॅटरी भरलेली ठेवायचा खर्च मिळून १५ वॉट धरले, तर महिन्याला ११ युनिट होतात. मी मावशीला म्हटलं, हात लावून बघ. तिने मांजराला थोडं बाजूला सारून डब्यावर तळवा ठेवला.

"ऊन लागतंय की रे," ती म्हणाली. मग मांजराकडे बघून, "म्हणजे हिचं बिल मी भरतेय."

संध्याकाळी नव्या डब्याखाली तिने मुद्दाम एक गोणपाट अंथरला. मांजराने तो हुंगला आणि ते मागच्या खोलीत निघून गेलं.